नंबर मोठ्याने वाचा

मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, सोसायटीच्या गणपतीत एखादी संध्याकाळ जादूच्या प्रयोगांची असतेच. आदल्या दिवशी चित्रकला स्पर्धा, मग संगीत खुर्ची, आणि मग पार्किंगच्या जागेत घातलेल्या मांडवात काळा कोट घातलेला जादूगार. रिकाम्या नळीतून निघणारे रुमाल, कापून पुन्हा जोडलेली दोरी, असे सगळे होऊन जाते. मुले ओरडतात, मोठी माणसे शेजाऱ्याशी गप्पा मारत राहतात. मग जादूगार मंचावरून खाली उतरतो आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या काकांपुढे हात करतो. जरा पाचशेची नोट द्या, काका. तिथे मोठ्यांच्या गप्पा थांबतात.

नोट हातात येते. नववी-दहावीतल्या एखाद्या मुलीला तो पुढे बोलावतो, नोटेवरचा नंबर मोठ्याने वाचायला लावतो, दुसऱ्या कुणाला तरी तो कागदावर उतरवून घ्यायला सांगतो. नोटेची घडी होते, घडी रुमालात जाते, रुमाल झटकला तर आत काही नाही. सगळे काकांच्या चेहऱ्याकडे बघत असतात. थोड्या वेळाने लिंबू कापले जाते आणि आतून रसाने भिजलेली गुंडाळी निघते. मुलगी पुन्हा नंबर वाचते. तोच.

जादूगाराने हेच स्वतःच्या पाकिटातली नोट काढून केले असते, तर टाळ्या पडल्या असत्या आणि विषय संपला असता. नोट दुसऱ्याची आहे, ती परत यायची आहे, आणि ती परत येईपर्यंत अख्खा मांडव त्या माणसाच्या बाजूने श्वास रोखून असतो. हातचलाखीच्या शेकडो खेळांत प्रेक्षकाचा स्वतःचा ऐवज पणाला लागतो असे खेळ थोडेच, आणि त्यांत उसन्या नोटेचा खेळ सर्वांत थेट. त्याचा मुंबईतला इतिहास शोधू गेले की जादूपेक्षा नोटेच्याच इतिहासात शिरावे लागते. कारण सामान्य माणसाच्या खिशात नोट आल्याशिवाय ती त्याच्याकडून उसनी मागणार कोण?

त्याआधी नाणे होते. 1584 साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉटने ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हे पुस्तक छापले. चेटकिणी म्हणून बायकांना फासावर चढवणाऱ्यांविरुद्ध ते लिहिलेले होते. लोक ज्याला सैतानी शक्ती समजतात त्यातले किती तरी निव्वळ हातांचे कसब आहे, हे पटवण्यासाठी स्कॉटने नाणी गायब करण्याच्या, एका हातातून दुसऱ्या हातात पोचवण्याच्या युक्त्या सविस्तर सांगितल्या. हातचलाखीचे इंग्रजीतले पहिले मोठे वर्णन हे असे अंधश्रद्धेविरुद्धच्या भांडणातून आले आहे. महाराष्ट्रात चारशे वर्षांनी हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. त्याकडे पुढे येऊच.

आपल्याकडे हे कसब गारुड्याचे आणि मदाऱ्याचे. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत गारुडी आजही आहेत. साप ही त्यांची ओळख असली तरी पोतडीत वाट्या-गोळ्यांचा खेळ, आंब्याची कोय लावून रोप उगवण्याचा खेळ, आणि बघ्यांकडून मागून घेतलेला रुपया किंवा अंगठी, हे सगळे असायचे. मदाऱ्याचा जमुरा चादरीखाली झोपायचा आणि उस्तादाच्या प्रश्नांना खणखणीत उत्तरे द्यायचा. घोळका धरून ठेवायचा तर बघ्यांतल्याच कुणाची तरी वस्तू मध्यभागी हवी, हे त्यांना कोणत्याही नाट्यगृहापेक्षा आधी कळले होते. ज्याचा रुपया उस्तादाच्या मुठीत आहे तो माणूस खेळ संपायच्या आत निघून जात नाही.

कागदी नोटेवर मात्र या लोकांचा खेळ फार उशिरा आला, कारण कागदावर लोकांचाच भरवसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बे 1840 साली निघाली आणि तिने स्वतःच्या नोटा काढल्या. 1861च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा हक्क खासगी आणि इलाखा बँकांकडून सरकारकडे गेला. पुढच्या चारच वर्षांत, अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला, तेव्हा मुंबईने कागदाची दुसरी बाजू पाहिली. शेअरच्या कागदांवर उभ्या राहिलेल्या पेढ्या झोपल्या आणि 1868मध्ये बँक ऑफ बॉम्बेच बुडाली. ज्या शहराने हे पाहिले त्याला चांदीचा खणखणता रुपया प्रिय वाटला तर नवल नाही.

शिवाय सरकारी नोटही सर्वत्र चालत नसे. मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चलनाची मंडळे होती आणि एका मंडळाची नोट दुसऱ्यात हक्काने वटत नसे. पाच रुपयांची नोट 1903मध्ये, दहा आणि पन्नासची 1910मध्ये, शंभराची 1911मध्ये या बंधनातून सुटली. तोवर नोट ही व्यापाऱ्यांची आणि पेढ्यांची वस्तू होती. त्यांचा एक रिवाज तर जादूच्या इतिहासात मानाने नोंदवावा असा आहे. दूरगावी पैसे पाठवायचे तर व्यापारी नोट मधोमध कापत. अर्धा भाग टपालाने जाई. तो पोचल्याचे पत्र आले की उरलेला अर्धा निघे. वाटेत चोराने एक पाकीट फोडले तरी त्याच्या हाती निम्मा कागद. पलीकडचा माणूस दोन तुकड्यांचे क्रमांक जुळवून पाही आणि नोट पुन्हा नोट होई. फाडलेली नोट अखंड करून दाखवणारा जादूगार मंचावर जे करतो, ते मुंबईच्या बाजारात टपालाच्या दोन फेऱ्यांत रोज घडत होते, आणि त्याची खात्री पटवणारी गोष्टही तीच होती. क्रमांक.

सामान्य माणसाच्या कनवटीला कागद आला तो पहिल्या महायुद्धात. चांदीची टंचाई झाली आणि 30 नोव्हेंबर 1917 रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली. तिच्यावर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे चित्र होते. हा कागद म्हणजेच तो रुपया, असे लोकांना समजवावे लागत होते. पुढच्याच वर्षी अडीच रुपयांची नोट आली. 1928मध्ये नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जाऊ लागल्या, त्याआधी त्या इंग्लंडहून येत. 1935मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि 1938मध्ये तिची स्वतःची पहिली नोट, पाच रुपयांची, लोकांच्या हातात पडली. बाकीच्या जगात जादूगार नोटेशी खेळू लागले होते, त्याच दोन-तीन दशकांत मुंबईच्या गिरणी कामगाराला नोटेची सवय लागत होती.

लिंबाचा खेळ अमेरिकेचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिथल्या विविधरंगी करमणुकीच्या नाट्यगृहांत एमिल जॅरो नावाच्या कलाकाराने तो गाजवला. त्याच्याही आधी, 1845च्या सुमारास, पॅरिसमध्ये जादूगार रॉबेर-हूदँ एखाद्या बाईंचा रुमाल उसना घेऊन तो मंचावर फुललेल्या संत्र्याच्या झाडावरच्या फळातून काढत असे. रुमालाची जागा नोटेने घेतली आणि खेळाला धार आली. रुमालासारखा दुसरा रुमाल मिळतो. नोटेसारखी दुसरी नोटही मिळते, पण तिच्यावरचा नंबर वेगळा असतो. परदेशी जादूगारांचे दौरे मुंबईला नेहमीचे होते. त्यांतला एक मोठा अमेरिकी जादूगार, कार्टर द ग्रेट, 1936च्या फेब्रुवारीत जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईतच वारला.

महाराष्ट्रात आल्यावर लिंबाला जे वजन आले ते अमेरिकेत नव्हते. इथे लिंबू दारावर मिरच्यांबरोबर टांगलेले असते, उताऱ्यात असते, तिठ्यावर कापून टाकलेले असते आणि माणसे त्याला वळसा घालून जातात. मांत्रिक लिंबू कापतो आणि आतून रक्त निघते. सुरीला आधी जास्वंदीच्या फुलाचा रस चोळलेला असला की लिंबाच्या आम्लाने तो लालभडक होतो, हे ज्याला माहीत नाही त्याच्या पोटात गोळा येतो. त्याच लिंबातून मांडवातल्या काकांची पाचशेची नोट निघते तेव्हा मुले हसतात आणि मागच्या रांगेतली एखादी आजी क्षणभर चपापते. फळ एकच, सुरी एकच. एकाने भीती विकली, दुसऱ्याने नोट परत दिली.

मराठी घराघरात जादूचे प्रयोग म्हटले की नाव येते जादूगार रघुवीर यांचे. रघुवीर भोपळे, 1924 ते 1984, पुणे जिल्ह्यात चाकणजवळच्या आंबेठाणचे. राणा नावाच्या राजस्थानी जादूगाराकडे ते ही विद्या शिकले, देशोदेशी दौरे केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. डोळ्यांवर पट्टी बांधून भर रस्त्यातून मोटारसायकल चालवण्याचा त्यांचा प्रयोग पाहिलेली माणसे अजून त्याबद्दल बोलतात. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनीही तेच क्षेत्र निवडले. रस्त्यावरच्या उस्तादाची विद्या नाट्यगृहात, तिकीट लावून, मध्यमवर्गीय कुटुंबासमोर मानाने उभी राहिली यात रघुवीरांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो पुरेसा नोंदला गेलेला नाही.

नाट्यगृहात गेल्यावर उसन्या नोटेची अडचण मात्र होते. पार्ल्याच्या दीनानाथमध्ये किंवा मुलुंडच्या कालिदासमध्ये विसाव्या रांगेतून नोट दिसते ती पोपटी-करड्या ठिपक्यासारखी. म्हणून मंचावर तो खेळ आवाजाचा होतो. नंबर मोठ्याने वाचायचा, फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहायचा, लिंबू उंच धरून कापायचे. खरा तो खेळ हाताच्या अंतरावरचा. उपनगरे त्याला मानवली ती त्यामुळेच. 1950मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली, 1957मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गिरगाव-दादरच्या चाळीतून निघालेली कुटुंबे इकडच्या इमारतींत आली आणि चाळीचा गणपती सोसायटीचा झाला. शे-दीडशे खुर्च्या, ओळखीची माणसे, नोट देणारे काका दुसऱ्या मजल्यावरचे. त्यांची नोट हरवली तर सगळ्या इमारतीची हरवली. या खेळाला याहून चांगला प्रेक्षक मिळणे कठीण.

नंबरचा मुद्दा आणखी एका मार्गाने महाराष्ट्रात पोचला. केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवणारे अब्राहम कोवूर यांनी 1963मध्ये चमत्काराचा दावा करणाऱ्या कुणालाही एक लाख रुपयांचे आव्हान दिले. फसवणुकीला जागा नसलेल्या परिस्थितीत करून दाखवायच्या गोष्टींची त्यांनी यादी केली होती. यादीतली पहिलीच अट अशी, की बंद पाकिटातल्या चलनी नोटेचा क्रमांक वाचून दाखवावा. दुसरी, नोटेची हुबेहूब प्रतिकृती निर्माण करावी. निखाऱ्यावर उभे राहणे, पाण्यावर चालणे या गोष्टी त्यानंतर येतात. कोवूरांनी नोटच का निवडली असेल हे कोणत्याही जादूगाराला विचारावे. भविष्य मोघम सांगता येते, अंगारा कुठलाही असू शकतो. सहा आकडे मात्र बरोबर असतात किंवा चूक असतात. भारतीय नोटेवर एक अंक, दोन अक्षरे आणि मग सहा आकडे असतात, आणि मधल्या कुठल्याही एका आकड्यात चूक झाली की बाबाचे काम संपले. ते आव्हान जिंकून एक लाख कुणी नेले नाहीत.

नरेंद्र दाभोलकरांनी 1989मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीचे कार्यकर्ते गावोगावच्या शाळांत चमत्कार सादरीकरण करू लागले. पाण्याने दिवा पेटवायचा, लिंबातून रक्त काढायचे, जळता कापूर तोंडात टाकायचा, आणि मग मुलांना युक्ती समजावून सांगायची. स्कॉटने 1584मध्ये कागदावर केले ते या मंडळींनी वर्गात उभे राहून केले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि काही दिवसांत जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे हा गुन्हा ठरवलेला आहे. पैशांचा पाऊस पाडतो, नोटा दुप्पट करून देतो म्हणून लोकांची आयुष्यभराची पुंजी घेऊन जाणारे भोंदू अजूनही सापडतात. त्यांचीही पहिली ओळ तीच असते. जरा एक नोट द्या. बहुतेकदा पहिली नोट ते खरोखर दुप्पट करून परत देतात, आणि मग घरातला माणूस कपाट उघडतो. मांडवातला जादूगार हात जोडून ही हातचलाखी आहे असे सांगतो, हे वाक्य म्हणूनच महाराष्ट्रात औपचारिक नाही. त्याने ते सांगितलेच पाहिजे.

युक्ती उघड करावी की नाही यावर जादूगार आणि प्रबोधन करणारे यांचे एकमत कधी होणार नाही. लिंबात नोट कशी जाते ते इथेही सांगितलेले नाही. भोंदूचे लिंबू उघड करावे, करमणूक करणाऱ्याचे झाकून ठेवावे, हा भेद न्याय्य आहे. एक माणूस आपले नाव जादूगार म्हणून सांगून पोट भरतो आहे.

आणि पोट भरण्याचा हा मार्ग रस्त्यावर चालवणाऱ्यांना मुंबईने फार वाईट वागवले आहे. 1959च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा वस्तू विकायला पुढे करणे या निमित्तानेही पैसे मागितले तरी ती भीकच धरलेली आहे. म्हणजे अंधेरी स्टेशनबाहेर जमुऱ्याला चादरीखाली झोपवणारा उस्ताद कायद्याने भिकारी. पोलिसाला वॉरंटशिवाय पकडता येते, पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात स्थानबद्धता, पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. त्यासाठीचे भिक्षेकरीगृह चेंबूरला आहे. लोकलच्या डब्यात हे कराल तर रेल्वे कायदा 1989चे कलम 144 आहेच, फेरीवाले आणि भिकारी दोघांसाठी एकच. गारुड्याचा साप 1972च्या वन्यजीव कायद्याने गेला, आणि ते सापांच्या भल्याचेच झाले. पण हातचलाखीने कुणाचे काय बिघडले होते? त्याच वाट्या-गोळ्या वातानुकूलित हॉलमध्ये कोट घालून दाखवल्या की मानधन मिळते. दिल्लीत लागू केलेल्या याच भीक प्रतिबंधक कायद्याची भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018मध्ये घटनाबाह्य ठरवली.

जादूगारांना कागदाने दगा दिला तो 8 नोव्हेंबर 2016 रोजी. मोठ्या नोटा रद्द होण्याची ही पहिली वेळ नव्हती. 1946च्या जानेवारीत पाचशे, हजार आणि दहा हजाराच्या, 1978च्या जानेवारीत हजार, पाच हजार आणि दहा हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या. पण तेव्हा त्या नोटा मांडवातल्या काकांच्या खिशात नव्हत्याच. 2016मध्ये पाचशे आणि हजार गेल्या त्या प्रत्येकाच्या खिशातून. बाहेर लोक बँकेच्या रांगेत उभे असताना कुणाकडे पाचशेची नोट मागायची हिंमत कोणता जादूगार करणार?

मग नव्या नोटा आल्या आणि त्यांची मापे बदलली. पाचशेची जुनी नोट 167 मिलिमीटर लांब आणि 73 रुंद होती. नवी 150 आणि 66. शंभराची 157वरून 142वर आली. प्रेक्षकाला हा फरक पाकिटात जाणवतो, जादूगाराला बोटांत. वर्षानुवर्षे एकाच मापाची घडी घातलेल्या बोटांना किती दुमडी घातल्या की कागद तळव्यात मावतो हे न बघता कळत असते. सतरा मिलिमीटर कमी झाले की ती घडी पुन्हा शिकावी लागते.

परदेशी पुस्तकांत प्रेक्षकाला नोटेवर सही करायला लावतात किंवा कोपरा फाडून हातात ठेवायला देतात, म्हणजे शेवटी तुकडा जुळवून खात्री पटते. रिझर्व्ह बँकेने नोटा स्वच्छ ठेवण्याचे धोरण 1999मध्ये आणले, नोटेवर लिहू नका म्हणून आवाहने केली. मुद्दाम फाडलेल्या नोटेचा परतावा नाकारता येतो, आणि पन्नास रुपयांपासून पुढच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून मोठा तुकडा शिल्लक असेल तरच पूर्ण किंमत मिळते. लोकांची नोट खराब न करता खात्री पटवायची तर आपल्याकडे नंबर वाचणे हाच सरळ मार्ग. 2015पासून नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, त्यामुळे चष्मा नसलेल्या आजोबांनाही शेवटचे दोन-तीन आकडे वाचता येतात. रिझर्व्ह बँकेने ते खोट्या नोटांना आळा घालायला केले. मांडवात त्याचा उपयोग झाला तो असा.

घडी पुन्हा शिकून होते तोच खिसा रिकामा होऊ लागला. 2016मध्येच यूपीआय सुरू झाले आणि काही वर्षांत अंधेरीच्या चहाच्या टपरीपासून बोरिवलीच्या भाजी मंडईपर्यंत क्यूआर कोडचे चौकोन लागले. आता जादूगार नोट मागतो तेव्हा पहिल्या दोन रांगांतली तरुण माणसे मोबाइल वर करून दाखवतात. दोन हजारांची नोट तर मे 2023मध्ये मागे घेतली गेली. काही कलाकार अंगठी किंवा मोबाइलच उसना मागू लागले आहेत. मोबाइल गायब झाला की किंचाळ्या नोटेपेक्षा मोठ्या येतात, पण तो परत आल्यावर तो तोच आहे का, असे कुणी विचारत नाही. कुलूप उघडले की संपले. सगळ्या सभेने मिळून वाचायचा नंबर त्यात नाही.

नोटेवर अडून बसलेले जादूगार मात्र आहेत. ते तरुणांच्या रांगा सोडून कडेला बसलेल्या आजींकडे जातात, किंवा मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या मावशींकडे, ज्या सोसायटीत चार घरची कामे करतात आणि पगार रोख घेतात. मावशी पदराच्या गाठीतून शंभराची नोट सोडवतात, देण्याआधी स्वतः तिचा नंबर नीट बघून घेतात आणि परत आल्यावर पुन्हा एकदा बघतात.